डीएनएमधली उलट पुनरावृत्ती कागदाच्या पट्टीवर कशी शोधावी

सांगलीत बी.एस्सी.च्या मुलांना मी जीवशास्त्र शिकवते. डीएनएमधली उलट पुनरावृत्ती, म्हणजे इनव्हर्टेड रिपीट, शिकवायची वेळ आली की पूर्वी मी फळ्यावर ‘चिमा काय कामाची’ लिहायची. पुढून वाचा, मागून वाचा, वाक्य तेच. मुलं खूश व्हायची आणि मलाही वाटायचं, समजलं. मग एकदा वाळव्याहून एसटीने येणाऱ्या एका मुलीची वही बघितली. तिने जी-टी-ए-ए-टी-जी असं लिहून त्याभोवती गोल केला होता आणि शेजारी लिहिलं होतं, ‘उलट पुनरावृत्ती’. उत्तर चूक होतं, पण माझ्या उदाहरणाप्रमाणे ते अगदी बरोबर होतं. त्या दिवसापासून हा विषय मी कागद, पेन्सिल आणि कात्री घेऊन शिकवते. तुम्हालाही घरी अर्ध्या-पाऊण तासात करता येईल. विज्ञान शाखेचे असायची गरज नाही.

लागणारं सामान: चौकटीच्या वहीची दोन-तीन पानं, पेन्सिल, दोन रंगांची पेनं, कात्री. आणि तीन गोष्टी पाठ हव्यात. डीएनए चार अक्षरांत लिहिलेला असतो: ए, टी, जी, सी. ए समोर नेहमी टी, जी समोर नेहमी सी. तिसरी गोष्ट मुलं सर्रास विसरतात: डीएनएचे दोन पेड एकमेकांच्या उलट दिशेने धावतात. आयर्विन पुलावर एक गाडी सांगलीकडे येते, दुसरी सांगलवाडीकडे जाते, तसंच. वरचा पेड डावीकडून उजवीकडे वाचायचा, खालचा उजवीकडून डावीकडे. ही दिशा चुकली की पुढचं सगळं चुकतं, म्हणून प्रत्येक ओळीला बाण काढायचा आळस करू नका.

पहिली पायरी: वही फिरवून बघा

एका चौकटीत एक अक्षर, असं लिहा: जी-ए-ए-टी-टी-सी. वर उजवीकडे जाणारा बाण. त्याखाली प्रत्येकाचा जोडीदार लिहा: सी-टी-टी-ए-ए-जी. खाली डावीकडे जाणारा बाण. आता वही टेबलावर तशीच ठेवून अर्धा फेरा फिरवा, म्हणजे खालची ओळ वर येईल आणि तिचा बाण तुमच्या उजवीकडे जाईल. डावीकडून वाचा: जी-ए-ए-टी-टी-सी. मघाचंच! दोन्ही पेडांवर आपापल्या दिशेने एकच मजकूर आहे. डीएनएच्या भाषेत याला पॅलिंड्रोम म्हणतात. दोन हातांमध्ये, म्हणजे एकमेकांशी जुळणाऱ्या दोन भागांमध्ये, अजिबात अंतर नसलेली उलट पुनरावृत्ती म्हणजेच पॅलिंड्रोम.

आता त्या मुलीचं उदाहरण घ्या. जी-टी-ए-ए-टी-जी, खाली सी-ए-टी-टी-ए-सी. वही फिरवा. सी-ए-टी-टी-ए-सी दिसेल, वेगळंच. एकाच पेडावर मागून-पुढून सारखं असणं म्हणजे आरशातली प्रतिमा. ‘चिमा काय कामाची’ तसलं आहे. त्यात सात अक्षरं आहेत आणि मधोमध एकटा ‘य’ आहे. डीएनएच्या पॅलिंड्रोममध्ये असा एकटा मधला गडी चालत नाही, कारण त्याला स्वतःचाच जोडीदार व्हावं लागेल, आणि ए समोर ए कधी बसत नाही. म्हणून डीएनएचा पॅलिंड्रोम नेहमी सम अक्षरांचा असतो. ही कसोटी लक्षात ठेवली की निम्म्या चुका टळतात.

दुसरी पायरी: पट्टी दुमडा

मला तरी खरी मजा इथे वाटते. सोळा चौकटींची एक पट्टी कापा आणि तिच्यावर एकच पेड लिहा. पहिल्या सहा चौकटींत एका रंगाने जी-सी-सी-टी-ए-सी. पुढच्या चार पेन्सिलने, ए-टी-टी-जी. शेवटच्या सहा दुसऱ्या रंगाने, जी-टी-ए-जी-जी-सी. शेवटचे सहा कुठून आले? पहिल्या सहांचे जोडीदार लिहिले की सी-जी-जी-ए-टी-जी मिळतं. ते मागून लिहिलं की जी-टी-ए-जी-जी-सी. कोणत्याही क्रमाची उलट पुनरावृत्ती बनवायची ती अशीच.

पट्टी मधोमध वाकवून दोन्ही हात शेजारी शेजारी आणा. पहिल्या जी समोर शेवटचा सी येतो, दुसऱ्या सी समोर जी, असं करत सहाच्या सहा जोड्या बसतात आणि मधली चार अक्षरं वर गोल राहतात. केसांत खोचायच्या आकड्यासारखा आकार होतो, म्हणूनच याला हेअरपिन म्हणतात. जुळलेल्या हातांचा तो देठ, वरचं वेटोळं म्हणजे लूप. लूपमध्ये किमान तीन अक्षरं लागतात, कारण त्याहून तीव्र वळण डीएनएच्या कण्याला घेता येत नाही. कागदही तिथे चुरगळतोच, करून बघा.

उलट पुनरावृत्ती असलेला पेड स्वतःशीच जोडी जुळवू शकतो, आणि पेशीत तिची बरीचशी कामं या दुमडण्यातून निघतात. आरएनएमध्ये, म्हणजे डीएनएवरून उतरवलेल्या एकेरी नकलेत, हे सहज होतं. तिथे फक्त टी च्या जागी यू धरायचा. दुपेडी डीएनएमध्ये त्यासाठी आधी दोन्ही पेड सुटावे लागतात. पीळ ताणाखाली असेल तर दोन्ही पेड आपापला आकडा बाहेर काढतात आणि फुलीसारखा आकार होतो.

देठाची पकड मोजायची असेल तर बंध मोजा. जी-सी जोडीत तीन हायड्रोजन बंध, ए-टी जोडीत दोन. आपल्या देठात चार जी-सी आणि दोन ए-टी, म्हणजे बारा आणि चार मिळून सोळा. ही मोजणी ढोबळ आहे, पण कामाला येते. शिकत असताना एका पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढताना, आठ दिवस मला जेलवर प्रती तयार झाल्याचा एकही पट्टा मिळाला नव्हता. रसायनं बदलली, तापमान बदललं. शेवटी प्रायमरची, म्हणजे प्रत जिथून सुरू होते त्या छोट्या एकेरी तुकड्याची, अक्षरं कागदावर लिहून दुमडली, तर त्याची दोन टोकं एकमेकांना पाच अक्षरं जुळत होती. प्रायमर नेमून दिलेल्या जागी बसण्याऐवजी स्वतःवरच मिटून बसत होता. प्रायमर मागवण्याआधी कागदावर दुमडून बघायची सवय तेव्हा लागली, ती अजून आहे.

तिसरी पायरी: सापडलेलं योगायोगाने तर नाही ना?

इथे घाई करू नका. सहा अक्षरांच्या पॅलिंड्रोममध्ये पहिली तीन अक्षरं कोणतीही चालतात, पुढची तीन मात्र ठरूनच जातात. म्हणून कुठलीही सहा अक्षरं उचलली तर ती पॅलिंड्रोम असण्याची शक्यता ६४ मध्ये एक. पाच हजार अक्षरांच्या तुकड्यात असे पाऊणशेहून जास्त निव्वळ योगायोगाने सापडतील. त्या प्रत्येकाला काही अर्थ आहे असं समजू नका. हात दहा अक्षरांचे असतील आणि मध्ये अंतर नसेल, तर शक्यता १०,४८,५७६ मध्ये एक इतकी खाली येते. मधलं अंतर कितीही चालेल म्हटलं की ती पुन्हा वाढते. म्हणून हातांची लांबी, मधलं अंतर आणि न जुळलेल्या जोड्या, हे तिन्ही वहीत लिहा आणि मगच पुढे जा.

चौथी पायरी: जागा बघा, काम ओळखा

अंतर शून्य आणि अक्षरं चार ते आठ असतील तर आधी रिस्ट्रिक्शन एन्झाइमचा, म्हणजे ठराविक क्रम ओळखून डीएनए कापणाऱ्या एन्झाइमचा, विचार करा. पहिल्या पायरीतला जी-ए-ए-टी-टी-सी हा इकोआरवन नावाच्या एन्झाइमचा क्रम आहे. ई. कोलाय जिवाणूकडे तो घुसखोर विषाणूंचा डीएनए तोडायला असतो. त्याचे दोन सारखे भाग दोन बाजूंनी डीएनएला धरतात, म्हणून दोन्ही बाजूंनी सारखाच वाचला जाणारा क्रम त्याला सोयीचा पडतो. वहीतला तो दुपेडी तुकडा कापून घ्या. वरच्या ओळीत जी आणि ए च्या मध्ये कात्री लावा. खालच्या ओळीतही तिच्या दिशेने वाचून जी आणि ए च्या मध्येच लावा. मग दोन ओळींमधल्या रेघेवरून कापून हे दोन छेद जोडा. दोन तुकडे पायरीसारखे सुटतील आणि प्रत्येकाला ए-ए-टी-टी असं एकेरी टोक राहील. ही टोकं पुन्हा एकमेकांत बसतात, दुसऱ्या कुठल्या जिवाच्या डीएनएची असली तरीही. जनुकं जोडण्याचं तंत्र यातून उभं राहिलं. या एन्झाइम्सच्या कामासाठी आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना १९७८ साली नोबेल मिळालं.

जिवाणूच्या जनुकाच्या शेवटी जी-सी जास्त असलेले हात आणि त्यांच्या लगेच पुढे टी-टी-टी-टी अशी रांग दिसली, तर तो बहुधा थांबा आहे. आरएनए तयार होता होता तिथे आकडा वळतो, यंत्रणा अडखळते आणि यू ची कमकुवत पकड सुटून आरएनए गळून पडतो.

दोन हात शेकडो किंवा हजारो अक्षरांनी दूर असतील तर उडतं जनुक, म्हणजे ट्रान्सपोझॉन, तपासा. त्याची दोन टोकं एकमेकांची उलट पुनरावृत्ती असतात. एन्झाइम ती टोकं ओळखून जवळ आणतो आणि मधला भाग उचलतो. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरच्या रंगीत ठिपक्यांवरून हे ओळखलं. नोबेल मिळायला १९८३ उजाडलं. मेंडेलच्या सुरकुतलेल्या वाटाण्यामागेही अशाच जातीचा सुमारे ८०० अक्षरांचा तुकडा आहे, हे १९९० मध्ये कळलं. स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या एन्झाइमच्या जनुकात तो घुसला. त्यामुळे दाण्यात साखर जास्त, म्हणून पाणी जास्त, आणि वाळताना साल सुरकुतते.

माणसात याची किंमतही मोजावी लागते. रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर आठच्या जनुकात एक लांब क्रम आहे आणि त्याच एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ त्याची उलट दिशेची प्रत आहे. गुणसूत्र दुमडून हे दोन जुळले आणि तिथे अदलाबदल झाली, तर मधला सगळा भाग उलटा बसतो आणि जनुकाचे दोन तुकडे होतात. तीव्र हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, याच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत कारण हेच असतं.

पाचवी पायरी: आपल्या शिवारातलं उदाहरण

मिरज, पलूस, वाळव्याच्या काळ्या रानात खरिपाला सोयाबीन आणि रब्बीला हरभरा घेणारे पुष्कळ आहेत. दोन्ही शेंगवर्गीय. झाडाच्या हरितलवकालाही स्वतःचा डीएनए असतो. सोयाबीनमध्ये तो सुमारे १,५२,००० अक्षरांचा आहे आणि त्यात सुमारे २५,००० अक्षरांचा एक भाग दोनदा, एकमेकांच्या उलट दिशेने, येतो. दोन्ही प्रती एकमेकींवरून दुरुस्त होत राहतात, म्हणून या भागात बदल हळू साचतात. हरभऱ्यात मात्र हा डीएनए सुमारे १,२५,००० अक्षरांचाच आहे, कारण त्याच्या पूर्वजात दोनपैकी एक प्रत गळून गेली. वाटाणा, मसूर, मेथी, लसूणघास हे सगळे त्याच वंशातले, एका प्रतीवर भागवणारे. तूर, मूग, भुईमुगाकडे दोन्ही प्रती शाबूत आहेत.

हे पट्टीवर मावणार नाही, संगणक लागेल. एनसीबीआय या अमेरिकी सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर दोन्ही पिकांच्या हरितलवकाचे क्रम फुकट मिळतात. ते उतरवून घ्या आणि कुठल्याही डॉट प्लॉट प्रोग्रॅममध्ये क्रम स्वतःशीच ताडून बघा. आडवा क्रम, उभाही तोच, आणि जुळेल तिथे ठिपका. मुख्य कर्ण दोन्हींत दिसेलच. सोयाबीनमध्ये त्याच्या दोन बाजूंना एकेक, अशा उलट उताराच्या दोन ठळक रेघा दिसतील. त्यांची लांबी मोजा, ती २५,००० च्या आसपास भरायला हवी. मग हरभऱ्याचं चित्र शेजारी उघडा आणि त्या रेघा शोधा.