पीएनसी वॉर्डला पहिली पोस्टिंग लागलीये? मग हे वाचून जा

जीएनएम नाहीतर बीएस्सी नर्सिंग करून नवीन लागलेल्या मुलींना पीएनसी वॉर्ड (बाळंतपणानंतर आई-बाळाला ठेवतात तो) मिळाला की त्या खुश होतात, आयसीयूची धावपळ नाही, कॅज्युअल्टीची आरडाओरड नाही, बीपी-टेंपरेचर घ्या, इंजेक्शनं द्या, बाळाचं बीसीजी-पोलिओ-हिपॅटायटिस झालंय का बघा आणि उरलेला वेळ रजिस्टर भरा, एवढंच वाटतं. मी बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात याच वॉर्डला आहे आणि माझं मत विचाराल तर इथलं निम्मं काम कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही, त्यातून पेशंट पहिलटकरीण असेल तर विचारूच नका.

आधी जिवाशी गाठ असलेलं सांगते. पहिले 24 तास पोटाला हात लावून गर्भाशय कडक आहे का बघायचंच, मऊ लागलं तर मसाज सुरू करा आणि हाक मारा. तासाभरात पॅड पूर्ण भिजला तर "बघू थोडा वेळ" करायचं नाही, लगेच डॉक्टर. डिलिव्हरीनंतर सहा तासांत लघवी झाली का हे विचारा, कारण लघवी तुंबली की गर्भाशय नीट आवळत नाही आणि ब्लीडिंग वाढतं, आणि बायका टाके दुखतील या भीतीने तासन्‌तास धरून ठेवतात आणि लाजेने सांगतही नाहीत.

आता खरं शिकवण्याचं. ओबीजीच्या म्हणजे बाळंतपण-स्त्रीरोगाच्या पेपरला पाठ केलेलं आठवतंय ना, बाळंतिणीच्या मनाच्या तीन पायऱ्या, रेवा रुबिनचं टेकिंग-इन (स्वतःतच असणं), टेकिंग-होल्ड (शिकायला तयार होणं), लेटिंग-गो (आईपण अंगवळणी पडणं)? मला वाटायचं हे फक्त मार्कांपुरतं, पण वॉर्डात रोज दिसतं. पहिल्या दिवशी बाई स्वतःतच असते, कळा कधी सुरू झाल्या, रिक्षा कशी मिळाली नाही, हेच येईल त्याला चारदा सांगते, तिला झोप हवी असते, गरम जेवण हवं असतं. त्या वेळी तिच्यापुढे स्तनपानाचा तक्ता घेऊन उभं राहू नका, काही डोक्यात जात नाही, ऐकून घ्या आणि बाळ छातीशी लावून द्या, बास. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीच बाई "सिस्टर, ढेकर कसा काढायचा, दाखवा ना" म्हणून मागे लागते. गोची अशी की जेएसएसकेमध्ये (सरकारच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात) मोफत जेवण नॉर्मलला 3 दिवस आणि सिझरला 7 दिवस, म्हणजे नॉर्मलवाली जेमतेम शिकायच्या मूडमध्ये आली की डिस्चार्जची गडबड सुरू. म्हणून ती विचारेल तेव्हाच शिकवा, राउंड चालू असेल तर "दहा मिनिटांत येते ताई" सांगा आणि खरंच या.

पाजायला शिकवताना माझा एकच नियम आहे, स्वतःचे हात पाठीमागे. नवीन मुली काय करतात, बाळाचं डोकं धरतात, आईची छाती धरतात, दिलं लावून, बाळ प्यायला लागलं की निघाल्या पुढच्या कॉटकडे. त्याने फीड होतं, पण रात्री दोनला तुम्ही तिथे नसता. तोंडाने सांगा, करू तिलाच द्या. बाळाचं पोट आईच्या पोटाला, नाक निपलच्या समोर, आणि जांभई दिल्यासारखा मोठा आ होईपर्यंत थांबायचं. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि निपलभोवतीचा काळा भाग वरून जास्त, खालून कमी दिसतोय म्हणजे पकड बरोबर. पाजून झाल्यावर निपल बघा, लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चपटं निघालं तर बाळ नुसतं टोकच चोखतंय, दोन दिवसांत चिरा पडणार.

मागच्या पावसाळ्यातली एक नाइट सांगते. सिझरची पेशंट, तिसरा दिवस, बाळ रडतंय, आई रडतेय, आजी वाटी-चमचा घेऊन गाईच्या दुधाची सोय बघतेय आणि "हिला दूधच उतरत नाही" हे आख्ख्या वॉर्डला सांगून झालेलं. छाती बघितली तर दूध येऊन गच्च भरलेली, एवढी ताठ की बाळाला पकडताच येत नव्हती. आधी कोमट फडका ठेवून तिच्याच हाताने थोडं दूध काढायला लावलं, काळा भाग मऊ झाला. मग बाळाचे चार कपडे काढून नुसत्या लंगोटात अंगाला लावलं, टाक्यांवर वजन नको म्हणून काखेखालून, उशीवर. दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा धरलं आणि गट-गट आवाज यायला लागला. मी आजींना म्हटलं, "आजी, कान लावा जरा." आजींनी वाटी कपाटावर ठेवली आणि मला म्हणाल्या, "तरी मी म्हणतच होते." घ्या! पण वाद घालायचा नाही हं, आजी आपल्या बाजूला आल्या हे महत्त्वाचं.

आणि आजींना टाळून या वॉर्डात काहीच होत नाही, पहिलं बाळंतपण बहुतेक माहेरी, सव्वा महिना हुकूम त्यांचाच. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, डोक्याला स्कार्फ, यावर तोंड उघडू नका, काही बिघडत नाही. भांडायचं ते मध, गुटी आणि बाळाला वरचं पाणी यावर, डोळ्यात काजळ घालण्यावर, बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्यावर आणि पोट सुटेल म्हणून बाळंतिणीचं पाणी तोडण्यावर. "दूध पुरत नाही" म्हणाल्या तर त्यांनाच काम द्या, की पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी 5-7 मिली म्हणजे छोटा चमचाभर चीक पुरतो, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून सू दिवसाला सहा वेळा तरी होतेय का ते तुम्हीच मोजा. सुरुवातीला वजन 7 ते 10 टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोन आठवड्यांत भरून येतं, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर घरी वजन केलं की पावडरच्या दुधाचा डबा आलाच.

मनाचं. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उगाच रडू येणं हे बहुतेकींना होतं, दोन आठवड्यांत जातं. "आता आई झालीस, रडतेस काय" हे वाक्य स्टाफनेच बोललेलं मी ऐकलंय, कृपया बोलू नका. दोन आठवड्यांनंतरही तसंच असेल तर एडिनबरा स्केल (बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची प्रश्नावली) वापरा, 1987 पासून वापरात आहे, 10 प्रश्न, 30 गुण, पण दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे, त्याला "कधीच नाही" सोडून कुठलंही उत्तर आलं तर बेरीज करत बसायचं नाही, लगेच डॉक्टरांना सांगायचं आणि तिला एकटं सोडायचं नाही. बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, बाळाबद्दल भलतंसलतं बोलतेय, सगळ्यांवर संशय, तर ती इमर्जन्सी आहे, बाहेरची बाधा नाही. घरी जाताना टेलीमानसचा (सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) 14416 नंबर नवऱ्याच्या मोबाईलमध्येही सेव्ह करून द्या.

डिस्चार्जला आशाताई कधी येणार हे तारखांसकट कार्डावर लिहून द्या, दिवस 3, 7, 14, 21, 28 आणि 42. ही घरी जाऊन बाळ बघायची पद्धत आपल्या गडचिरोलीत बंग डॉक्टरांच्या सर्च संस्थेतून आली, हे सांगितलं की लोक आशाताईला जरा मान देतात असा माझा अनुभव.

आणि नोट्समध्ये "बीएफ गिव्हन" (अंगावर पाजलं) एवढंच लिहून मोकळं होऊ नका. कुठल्या बाजूने, पकड कशी, स्वतः लावलं की मदतीने, सू-शी किती वेळा, हे लिहा, म्हणजे नाइटच्या सिस्टरला त्या बाईला सगळं पहिल्यापासून विचारावं लागत नाही.