अख्खं बायबल वाचायचंय? मग लेवीयमध्ये अडकू नका

दरवर्षी जानेवारीत आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) किती तरी जण ठरवतात की यंदा बायबल पूर्ण वाचायचंच. उत्पत्ति झपाझप होतं, निर्गमात तांबडा समुद्र ओलांडेपर्यंत गोडी लागते आणि मग निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची मापं, लेवीय या तिसऱ्या पुस्तकातले यज्ञ आले की फेब्रुवारीत गाडी थांबते. माझी दोन वर्षं तिथंच थांबली होती, म्हणून हे लिहितोय.

आधी हिशोब. पुस्तकं 66, अध्याय 1189, म्हणजे रोज 3 आणि रविवारी 5 वाचले की वर्षात होतं. तारखांचा तक्ता मात्र लावू नका, नुसती अध्यायांवर टिक करत जा, कारण आमच्या नंदुरबारकडे कापूस वेचणी सुरू झाली की पहाटेच शेत गाठावं लागतं, चार दिवसांचं वाचन राहून जातं आणि मग मागचं भरून काढायच्या नादात नुसती पानं उलटली जातात, प्रार्थना होतच नाही. चार दिवस राहिले तर राहू द्या, जिथं थांबलात तिथूनच धरा.

आता मेन गोष्ट. वाचताना पेन्सिल हातात ठेवा आणि कडेला खुणा करा, देवाने माणसांशी केलेला करार दिसला की ‘क’, कोकरा दिसला की ‘को’, सोडवणूक दिसली की ‘सो’. एवढे तीन धागे पुरतात.

लेवीय 19:9-10 (म्हणजे अध्याय 19, वचनं 9 आणि 10) घ्या. देव सांगतो की पीक कापताना शेताच्या कानाकोपऱ्यापर्यंत कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, तो गरीब आणि परक्यांसाठी सोडा. सरवा आपल्याला काय सांगायला पाहिजे, भुईमूग निघाल्यावर उरलेल्या शेंगा वेचायला बाया टोपली घेऊन वावरात वाकलेल्या असतात, माझी आई पण जायची. आता ही ओळ डोक्यात ठेवून रूथचा दुसरा अध्याय काढा. ती मवाबी, म्हणजे परकी, वर विधवा, आणि बवाजाच्या शेतात संध्याकाळपर्यंत सरवा वेचते, मग झोडून पाहते तर एफाभर (एफा हे तेव्हाचं धान्याचं माप) सातू. ज्या लेवीयला आपण कंटाळलो त्याच नियमावर ती आणि तिची सासू जगल्या! पुढं तोच बवाज नातेवाईक म्हणून तिला सोडवतो, म्हणजे तिची जबाबदारी घेऊन तिच्याशी लग्न करतो, तिचा पणतू दावीद, आणि मत्तयच्या पहिल्याच अध्यायात येशूच्या वंशावळीत रूथचं नाव आहे. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा पुस्तक मिटून मी बराच वेळ नुसता बसून होतो.

कोकऱ्याचा धागा पण असाच जातो, उत्पत्ति 22, निर्गम 12 मधला वल्हांडण (मिसरातून सुटकेच्या रात्रीचा कोकऱ्याचा सण), यशया 53, मग योहान 1:29 आणि शेवटी प्रकटीकरण 5. कराराचा धागा नोहाच्या धनुष्यापासून अब्राहाम, सीनाय, दावीद असं करत यिर्मया 31 मधल्या नव्या कराराला येतो आणि लूक 22 मध्ये येशूच्या शेवटच्या भोजनातल्या प्याल्यापाशी पोचतो. पवित्र सहभागाच्या (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) रविवारी आदल्या रात्री हे दोन अध्याय वाचून जा.

संदेष्ट्यांची पुस्तकं जड जातात कारण ती काळाच्या क्रमाने लावलेली नाहीत. 2 राजे संपत आलं की यिर्मया आणि विलापगीत काढा, एज्राच्या पाचव्या अध्यायाला हाग्गय आणि जखऱ्या जोडा, ते दोघं तिथंच मंदिर बांधायला लोकांना उठवत होते. वंशावळी पटकन वाचल्या तरी चालतं. स्तोत्रं मात्र मोठ्याने वाचा, रात्रीच्या कुटुंब प्रार्थनेत एक स्तोत्र पुरे, 117 वं तर दोनच वचनांचं आहे, ते लहान पोरालाच वाचायला द्या. डोळे थकलेल्यांसाठी मोबाईलवर ऑडिओ लावा, आमची आई तसंच ऐकते आणि मधेच म्हणते, थांबव, परत लाव.

प्रकटीकरण 22 वाचाल त्या रात्री लगेच मिटू नका. तिथं नदीच्या दोन्ही बाजूंना जीवनाचं झाड आहे, आता मागं उत्पत्ति 3 च्या शेवटी जा, जिथं त्याच झाडाची वाट तलवारीने बंद झाली होती, दोन्ही घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा आणि मग प्रार्थनेला बसा.