नव्या हायब्रिड गाडीत विजेच्या कुरबुरी: आधी काय तपासायचं?

गाडी घेऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. चार दिवस ती जागेवरून हललीच नव्हती. सकाळी जवळ गेले तर रिमोटला दाद नाही. रिमोटच्या पोटातली धातूची किल्ली काढून दार उघडलं, बटण दाबलं आणि डॅशबोर्डवर ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, हायब्रिड यंत्रणा असे सगळे दिवे एकदम मिणमिणले. पोटात गोळाच आला. मोठी बॅटरी गेली की काय? ती ठणठणीत होती. उतरली होती ती १२ व्होल्टची छोटी बॅटरी. तेव्हापासून कुणी हायब्रिडची चमत्कारिक तक्रार सांगितली, की मी आधी हेच विचारते: छोटी बॅटरी मोजली का?

फुल हायब्रिडमध्ये, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या आणि थोडं अंतर नुसत्या मोटरवरही चालणाऱ्या गाडीत, इंजिन फिरवायचं काम मोठी बॅटरी आणि मोटर करतात. पण गाडीतले कंप्युटर जागे करणं आणि मोठ्या बॅटरीचे रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच) जोडणं हे छोटीचं काम. साध्या गाडीत बॅटरी थकली की स्टार्टर कण्हतो, आपल्याला आधीच कळतं. इथे तसा इशारा मिळत नाही. व्होल्टेज घसरलं की एकेक कंप्युटर गोंधळतो आणि एकमेकांशी संबंध नसलेले दिवे लागतात. म्हणून एकाच वेळी चार-पाच तक्रारी दिसल्या तर चार-पाच बिघाड शोधत बसू नका.

हात लावण्याआधी. डॅशबोर्डचा फोटो काढा. तारीख, वेळ, गाडी किती तास उभी होती, पाऊस होता का, गाडीतल्या चार्जिंग सॉकेटला काय जोडलं होतं, एवढं लिहून ठेवा. दिवा लाल असेल तर सुरक्षित जागी थांबा आणि मदत मागवा. पिवळा असेल तर बहुधा जपून चालवत सर्व्हिस सेंटर गाठता येतं, तरी त्या दिव्याचा अर्थ गाडीच्या पुस्तिकेत बघाच. आणि नारिंगी वेष्टणाच्या केबल दिसतील, त्यांना कधीही हात लावायचा नाही. त्यातला विजेचा दाब अनेक गाड्यांत २०० व्होल्टच्या वर असतो, तो जीव घेऊ शकतो.

आता मोजा. साधा मल्टिमीटर पुरतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. छोटी बॅटरी बऱ्याच गाड्यांत डिकीत किंवा मागच्या सीटखाली असते, जागा पुस्तिकेत सापडेल. गाडी रात्रभर बंद हवी आणि किल्ली लांब. दार किंवा डिकी उघडली की गाडी थोडी जागी होते, दिवे लागतात, त्यामुळे उघडल्यावर काही मिनिटं थांबून मगच आकडा घ्या. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली गेली असेल तर तक्रारींचं मूळ बहुधा इथेच आहे.

मग ब्रेक दाबून गाडी सुरू करा, डॅशबोर्डवर ‘रेडी’ दिसू द्या आणि पुन्हा मोजा. फुल हायब्रिडमध्ये सहसा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) नसतो. मोठ्या बॅटरीतली वीज एक कन्व्हर्टर उतरवून छोटीला देतो. आकडा साधारण १३.५ ते १४.५ दिसला तर तो काम करतोय. ‘रेडी’ असूनही तो १२ च्या घरातच अडकला तर पुढचं काम सर्व्हिस सेंटरचं.

वीज कोण पितंय? यात घाई करू नका, माझा सगळा उलगडा इथेच झाला. डॅशकॅम पार्किंगमध्येही चालू होता. शिवाय किल्ली ज्या खुंटीला टांगत होते, त्या भिंतीपलीकडेच गाडी उभी राहायची. किल्ली दोन मीटरच्या आत असली की काही गाड्या तिच्याशी बोलत राहतात, नीट झोपत नाहीत. बॅटरी पूर्ण चार्ज करून दोन्ही दूर केलं. पुन्हा चार दिवस गाडी उभी ठेवली, तेव्हा आकडा १२.५ मिळाला. त्याआधी तो ११.८ होता. बिघाड तपासायच्या (ओबीडी) सॉकेटला कायम खोचलेलं उपकरण, ब्रेक न दाबता बटण दाबून गाणी ऐकत बसणं, रोजच्या अगदी छोट्या फेऱ्या हेही संशयित. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर खरं कारण कधीच कळणार नाही.

फक्त किल्लीच ओळखत नसेल तर ती मोबाइलपासून वेगळी करून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर किल्लीचा सेल बदला. तातडीला बहुतेक गाड्यांत किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून गाडी सुरू होते.

चार्जिंग सॉकेट किंवा एखादाच दिवा बंद असेल तर फ्यूज बघा. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. गेला तितक्याच अँपिअरचा घाला, मोठा घातलात तर वायर जळू शकते.

बंद करताना येणारी टकटक म्हणजे रिले, सीटमागची घरघर म्हणजे बॅटरीचा पंखा. दोन्ही नेहमीचे आवाज. पंख्याच्या जाळीवर पिशव्या मात्र ठेवू नका.

बाहेरून वीज द्यावी लागली तर पुस्तिकेत दाखवलेल्याच टोकांना केबल जोडा. लाल-काळा उलटा झाला तर कन्व्हर्टर जाऊ शकतो. पुस्तिका स्पष्ट परवानगी देत नसेल तर आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याची गाडी सुरू करून देऊ नका. बॅटरी सोडवून परत लावल्यावर खिडक्या एका झटक्यात वर जात नाहीत, हा बिघाड नव्हे. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की जमतं.

एवढं करूनही कुरबुर राहिली तर फोटो आणि आकडे घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. गाडीच्या कंप्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड पुसण्याआधी त्यांची यादी लेखी मागा, सॉफ्टवेअरचा अपडेट आलाय का विचारा. तक्रार फक्त सकाळीच दिसत असेल तर गाडी एक रात्र तिथेच ठेवा आणि सकाळी पहिल्यांदा सुरू करताना स्वतः हजर राहा.