जात्यावरच्या ओव्या आणि दोन डिस्क

दोन वर्षांखाली ऐन मे महिन्यात माझ्या लॅपटॉपची हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली आणि दुपारपर्यंत बंद पडली. अंबाजोगाईच्या आसपासच्या खेड्यांत फिरून बायांकडून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या तिच्यात होत्या. दुरुस्तीवाल्या पोराने विचारलं, "मॅडम, बॅकअप आहे ना?" मी ठसक्यात हो म्हणाले. पेनड्राइव्ह काढला तर निम्म्याच ओव्या. ज्या गेल्या त्यांत दोन म्हाताऱ्यांच्या होत्या, आणि त्या दोघीही आता नाहीत.

तेव्हा बॅकअपसाठी कोणती डिस्क घ्यावी हे दुकानदाराला विचारायच्या आधी घरी कागद घेऊन बसा. जे पुन्हा कुठूनच मिळणार नाही, तेवढंच लिहा. सिनेमे, सॉफ्टवेअर, सातबारा पुन्हा उतरवून घेता येतात, ते सोडा. उरलेल्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आकार बघा. माझ्या तासाभराच्या वॅव फाइलला (न दाबलेलं, मूळ ध्वनिमुद्रण) साधारण ६०० एमबी लागतात. माझ्याकडच्या ९० तासांचे झाले जवळपास ५५ जीबी.

आकडा कळला की निम्मं काम होतं. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकांवर, फाइली ठेवायच्या तर गुगलवर फुकट जागा १५ जीबी, तीही जीमेल आणि फोटो धरून. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर ५. पैसे भरून जागा वाढवता येते, पण अपलोडचा वेग ५ एमबीपीएस असेल तर ५५ जीबी चढायला अखंड एक दिवस-रात्र लागते, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे अखंड काही चालत नाही. म्हणून माझी टिपणं क्लाउडवर, ओव्या डिस्कवर.

क्लाउडवाल्यांनी एक ध्यानात घ्या: सिंक, म्हणजे लॅपटॉप आणि क्लाउडवरचं फोल्डर आपोआप सारखं ठेवणं, हा बॅकअप नव्हे. सिंक केलेलं फोल्डर लॅपटॉपवर पुसलं की वरूनही जातं. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस असतं, पुढे नाही.

डिस्क फिरती (आत तबकडी फिरते ती) की एसएसडी (नुसत्या चिपवर साठवणारी)? फिरती स्वस्त पडते, पण चालू असताना हातातून सुटली तर संपलं. एसएसडीला धक्क्याचं भय कमी, मात्र वर्षानुवर्षं करंट न देता कपाटात ठेवायची ती वस्तू नाही. मी दोन फिरत्या घेतल्या. एक घरी, दुसरी लातूरला बहिणीच्या लोखंडी कपाटात. पंचमीला आणि दिवाळीला जाते तेव्हा ताजी नेते, तिथली परत आणते. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवायची. लावलेलीच राहिली तर लॅपटॉपमध्ये शिरलेला रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस, तिच्यावरच्या फाइलींनाही कुलूप घालतो.

मॅकवाल्यांना आपोआप बॅकअप घेणारं टाइम मशीन आहे, त्यांचं सोपं. विंडोजमध्ये त्यासाठी फाइल हिस्टरी आहे, पण डी ड्राइव्हवर स्वतः केलेलं फोल्डर ती आपण होऊन घेत नाही. विंडोज ११ मध्ये ते लायब्ररीत (डॉक्युमेंट्स, म्युझिक अशा विंडोजच्या फोल्डर-यादीत) टाकावं लागतं. माझ्या ओव्या नेमक्या डी ड्राइव्हवर! आता दर रविवारी नव्या फाइली हातानेच कॉपी करते.

आणि फाइल दिसते म्हणजे वाजतेच असं नाही. लातूरला गेले की भाचीच्या लॅपटॉपला डिस्क लावून कुठल्याही तीन ओव्या शेवटपर्यंत ऐकते. गेल्या पंचमीला त्यांतली एक मध्येच तुटली. घरच्या डिस्कवर ती धड होती, तिथून पुन्हा घेतली.