दोन कायदेपद्धती, दोन पदव्या : कॉमन लॉ आणि सिव्हिल लॉ एकत्र कसे शिकावे

मराठीत ‘सिव्हिल’ म्हटलं की दिवाणी दावा आठवतो, म्हणजे जे फौजदारी नाही ते. या लेखातला सिव्हिल लॉ तो नव्हे. रोमन कायद्यातून निघालेली आणि लिखित संहितेला पाया मानणारी ती एक अख्खी कायदेपद्धती आहे. फ्रान्सची १८०४ ची नागरी संहिता आणि १ जानेवारी १९०० पासून लागू झालेली जर्मन संहिता ही तिची दोन मोठी घराणी. कॉमन लॉ वाढला इंग्लंडात, न्यायाधीशांच्या निकालांवर निकाल रचत. या दोन्हींची पदवी एकाच दमात घेता येते. त्यासाठी कॅनडाइतकी सोयीची जागा दुसरी नाही, म्हणून इथे भर तिच्यावरच आहे.

पायरी १ : आधी सनद ठरवा, मग पदवी

बहुतेक जण उलट करतात. विद्यापीठाचं नाव आधी आवडतं आणि वकिली कुठे करायची हा प्रश्न शेवटच्या वर्षी पडतो. पदवी म्हणजे सनद नव्हे. कॅनडात सनद प्रांताप्रांतातली वकिलांची संस्था देते आणि प्रत्येकीचे नियम वेगळे आहेत.

क्वेबेक या फ्रेंचभाषक प्रांतात करार, मालमत्ता, वारसा, नुकसानभरपाई असे खासगी व्यवहार नागरी संहितेने चालतात. सध्याची संहिता १ जानेवारी १९९४ पासून लागू आहे. तिच्याआधीची १८६६ सालची होती. बाकी प्रांतांत हेच विषय कॉमन लॉचे. फौजदारी कायदा मात्र देशभर एकच, आणि त्याचं मूळ इंग्लिश. म्हणजे क्वेबेकच्या वकिलालाही कॉमन लॉची थोडी ओळख असतेच.

दुसरी पदवी खरोखर उपयोगी कुणाला? क्वेबेक आणि बाहेरचे प्रांत अशा दोन्हीकडे व्यवहार असलेल्यांना, सरकारी सेवेत कायद्याचे मसुदे करू इच्छिणाऱ्यांना, आणि तौलनिक कायद्याच्या अभ्यासकांना. कॅनडाचा संघीय कायदा चार प्रकारच्या वाचकांना कळावा लागतो : इंग्रजी कॉमन लॉवाले, फ्रेंच कॉमन लॉवाले, इंग्रजी सिव्हिल लॉवाले आणि फ्रेंच सिव्हिल लॉवाले. असा मसुदा करायला दोन्ही पद्धती जाणणारी माणसं लागतात. एका शहरात एकाच पद्धतीची वकिली करायची असेल, तर ही यातायात नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी २ : फ्रेंचचा हिशेब प्रामाणिकपणे करा

खरी चाळणी इथे लागते. क्वेबेकमधल्या माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात शिकवण्याची मुख्य भाषा इंग्रजी, आणि परीक्षेचं उत्तर इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये लिहिण्याची मुभा आहे. पण वाचायला फ्रेंच निकाल आणि त्यांवरची फ्रेंच भाष्यं येणारच. ‘मला थोडं थोडं समजतं’ एवढ्यावर भागत नाही. पन्नास पानांचा फ्रेंच निकाल शब्दकोशाशिवाय वाचता यायला हवा.

त्यापुढची मेख अनेकांच्या लक्षात येत नाही. क्वेबेकमध्ये कोणत्याही व्यावसायिक संस्थेचा परवाना घ्यायचा तर फ्रेंचचं पुरेसं ज्ञान दाखवावं लागतं, आणि वकीलही त्यात आले. पदवी इंग्रजीतून मिळाली म्हणून सनदेच्या वेळी सूट मिळत नाही.

पायरी ३ : मार्ग निवडा

पहिला मार्ग एकत्रित अभ्यासक्रमाचा. मॅकगिलने १९९९ मध्ये दोन पद्धती वेगवेगळ्या तासांना शिकवणं सोडलं. करार हा विषय घेतला की त्याच वर्गात दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवल्या जातात. तिथे पदवीसाठी १०५ क्रेडिट लागतात आणि शेवटी प्रत्येकाला बीसीएल (सिव्हिल लॉची) आणि जेडी (कॉमन लॉची) या दोन्ही पदव्या मिळतात. तीन वर्षांत होतं, पण बरेच जण साडेतीन-चार वर्षं घेतात.

ओटावा विद्यापीठाची रचना निराळी. शहर ओंटारियो या कॉमन लॉच्या प्रांतात, नदी ओलांडली की क्वेबेक, आणि विद्यापीठात सिव्हिल लॉ व कॉमन लॉ असे दोन स्वतंत्र विभाग. तिथल्या एका कार्यक्रमात तीन वर्षांत एलएलएल (सिव्हिल लॉची पदवी) आणि जेडी मिळतात.

दुसरा मार्ग एकावर एक चढवण्याचा. क्वेबेकमधली सिव्हिल लॉची पदवी हातात असेल तर माँट्रियल किंवा शेरब्रुक विद्यापीठात साधारण वर्षभरात कॉमन लॉची जेडी करता येते. ओटावात उलट्या दिशेनेही जाता येतं. दोन्ही हव्यात की नाही याबद्दल मन डळमळत असेल तर हाच मार्ग धरा. एक पदवी पूर्ण होते आणि दुसरीचा निर्णय तेव्हा अनुभवाने घेता येतो.

कॅनडाबाहेर लंडनचं किंग्ज कॉलेज आणि पॅरिस १ विद्यापीठ यांचा चार वर्षांचा जोड-अभ्यासक्रम आहे : दोन वर्षं लंडनला, दोन पॅरिसला. जर्मन कायद्यासाठी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि कोलोन यांची अशीच जोडी आहे. अमेरिकेत लुइझियाना हे एकच राज्य खासगी कायद्यात नागरी संहितेवर चालतं, आणि तिथल्या विद्यापीठांत दोन्ही पद्धती शिकता येतात.

पायरी ४ : अर्ज

यात फार गूढ काही नाही. मॅकगिलला एलसॅट ही कायद्याची प्रवेशपरीक्षा सक्तीची नाही, पण दिलेली असेल तर गुण विचारात घेतले जातात. किंग्जला एलनॅट ही ब्रिटनमधली प्रवेशपरीक्षा लागते. हेतुपत्रात ‘मला जग जोडायचं आहे’ छापाची वाक्यं लिहू नका. दोन पद्धती एकाच प्रश्नाला कुठे वेगळं उत्तर देतात याचं एखादं उदाहरण द्या. शुल्क प्रांतातल्या, प्रांताबाहेरच्या आणि परदेशी विद्यार्थ्यांना वेगवेगळं असतं, तेव्हा आकडा आपल्या गटाचाच पाहा.

पायरी ५ : अभ्यास दोन डोक्यांनी करा

सगळ्यात जास्त घाम इथे निघतो. एक उदाहरण घेऊ. ‘हे घर तुम्हाला विकतो, शुक्रवारी सकाळी ९ पर्यंत कळवा’ असं लिहून देणाऱ्याने गुरुवारीच ते दुसऱ्याला विकलं तर? इंग्लंडात १८७६ च्या डिकिन्सन विरुद्ध डॉड्स खटल्यात न्यायालय म्हणालं, प्रस्ताव खुला ठेवण्याच्या वचनाला प्रतिफल (बदल्यात दिलेला मोबदला) नव्हतं, म्हणून ते बंधनकारक नाही. हाच प्रसंग क्वेबेकमध्ये घडला तर संहितेचं कलम १३९० उघडायचं : मुदत घालून दिलेला प्रस्ताव ती मुदत संपेपर्यंत मागे घेता येत नाही. तिथे प्रतिफलाचा प्रश्नच उद्भवत नाही.

उत्तरं वेगळी आहेत हे पाठ करणं सोपं. विचाराची दिशाच उलटी आहे, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. कॉमन लॉत सुरुवात घटनेपासून : कोण, काय, कधी, आणि आधीच्या निकालातल्या घटना याच्याशी जुळतात का? सिव्हिल लॉत सुरुवात कलमापासून : ते संहितेच्या कोणत्या प्रकरणात बसलंय, शेजारची कलमं काय म्हणतात, विद्वानांनी त्याचा अर्थ कसा लावलाय? निकाल तिथेही वाचतात, पण कलमावरचा प्रकाश म्हणून.

म्हणून एक वही दोन रकान्यांची ठेवा, आणि सारख्या दिसणाऱ्या शब्दांवर खास नजर ठेवा. कॉमन लॉच्या ट्रस्टमध्ये कायदेशीर मालकी विश्वस्ताची आणि लाभ लाभार्थ्याचा, अशी मालकीची फाळणी होते. क्वेबेकच्या संहितेला ही फाळणी मान्य नाही, त्यामुळे तिथल्या न्यासातली (ट्रस्टमधली) मालमत्ता निर्मात्याची नाही, विश्वस्ताची नाही, लाभार्थ्याचीही नाही. ती एका उद्देशाला वाहिलेली स्वतंत्र संपत्ती. नोटरीचंही तसंच. ओंटारियोतला नोटरी मुख्यतः सही-शिक्क्याचा माणूस, तर क्वेबेकचा नोटरी म्हणजे वेगळं शिक्षण घेतलेला, वेगळ्या व्यावसायिक संस्थेचा कायदेपंडित.

पायरी ६ : सनदेची शर्यत

दोन पदव्या आल्या तरी दोन सनदा आपोआप येत नाहीत. क्वेबेकसाठी वकील संस्थेच्या शाळेचं प्रशिक्षण, परीक्षा आणि सहा महिन्यांची उमेदवारी (प्रत्यक्ष काम करत शिकणं) करावी लागते. ओंटारियोत बॅरिस्टर आणि सॉलिसिटर अशा दोन परीक्षा असतात, शिवाय प्रत्यक्ष कामाचा अनुभव. एकीची उमेदवारी दुसरीत कितपत धरली जाईल, हे उमेदवारी सुरू करण्याआधी दोन्ही संस्थांना पत्र पाठवून विचारा आणि उत्तर लेखी घ्या.