आकाशदर्शनात कोणी ‘महास्फोटाआधी काय?’ असं विचारलं तर

महास्फोट (बिग बँग) म्हणजे आपल्या विश्वाची सुरुवात; त्याआधी काय होतं, हा प्रश्न रात्री दीडनंतर येतोच. चहा होऊन गेलेला असतो, निम्मी मंडळी सतरंजीवर आडवी झालेली असतात आणि एखादे काका विचारतात, “कृष्णविवरं सगळं गिळतात आणि मग विश्व पुन्हा नव्याने सुरू होतं म्हणे. खरं का?” नवीन कार्यकर्त्यांसाठी माझी पद्धत सांगतो.

लगेच तत्त्वज्ञानात शिरू नका. मे महिना असेल तर मूळ नक्षत्र, म्हणजे विंचवाची नांगी, आणि धनू राशीतल्या किटलीची तोटी दाखवा. दोन्हींच्या मधे, तोटीच्या थोडं जवळ लेसर धरा. तिथे आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे. धुळीमुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही, हेही सांगून टाका. पण त्या जागेभोवती तारे फिरताना मोजलेत. त्यातला एक साधारण 16 वर्षांत फेरी पूर्ण करतो. त्यावरून मधल्या वस्तूचं वस्तुमान सुमारे 43 लाख सूर्यांइतकं निघतं. या कामासाठी गेन्झेल आणि गेझ या खगोलशास्त्रज्ञांना 2020 चं नोबेल मिळालं. ही वस्तू म्हणजे कृष्णविवर; 2022 मध्ये त्याच्या सावलीचं चित्रही आलं.

आता मुलांना गणित घाला. एका सूर्याइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या 3 किलोमीटर, तर 43 लाख सूर्यांची किती? उत्तर येतं 1 कोटी 29 लाख किलोमीटर. बुध सूर्यापासून सरासरी 5 कोटी 80 लाख किलोमीटरवर आहे, म्हणजे हे विवर बुधाच्या कक्षेत आरामात मावतं. ‘सगळं गिळतं’ ही भीती बरीचशी इथेच उतरते. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं विवर ठेवलं, तर पृथ्वी गारठेल, पण आत ओढली जाणार नाही.

मग भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचं म्हणणं. इथे “आता जे सांगतोय ते मोजलेलं नाही, गणितातून आलंय” असं मोठ्याने म्हणा. मी हे कधीच टाळत नाही. कृष्णविवरातून अगदी क्षीण प्रारण (प्रकाशासारखी ऊर्जा) निघतं आणि त्यामुळे विवर हळूहळू आटत जातं. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या विवराचं तापमान 0.00000006 केल्विन, तर भोवतालच्या अवकाशाचं 2.7. म्हणजे आज ते आटत नाही, उलट उष्णता घेतं. अवकाश पुरेसं गार झाल्यावर ते आटायला दोनावर 67 शून्यं इतकी वर्षं लागतील. केंद्रातल्या त्या अजस्र विवराला याच्याही कैक पट.

काका म्हणतात ती, विश्व पुन्हा सुरू होण्याची, कल्पना गणिती भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोझ यांची; ती इथून सुरू होते. सगळी विवरं आटली, वस्तुमान असलेलं काहीच उरलं नाही, नुसतं प्रारण राहिलं, तर घड्याळ करायलाही काही उरत नाही, म्हणजे काळ आणि अंतर मोजायला मापच राहत नाही. मग लहान-मोठं हा भेदच संपतो आणि तो अंतच पुढच्या युगाचा महास्फोट ठरतो. कल्पना देखणी आहे. पण इलेक्ट्रॉनचं वस्तुमानही नाहीसं व्हायला हवं आणि तसं होतं याचा पुरावा नाही. मागच्या युगाच्या खुणा म्हणून 2010 मध्ये पार्श्वप्रारणातली (महास्फोटानंतर उरलेल्या, सगळीकडून येणाऱ्या प्रारणातली) वर्तुळं दाखवली गेली. इतरांनी तपासलं, तर महास्फोटाच्या नेहमीच्या प्रतिमानातही (मॉडेलमध्येही) तशी वर्तुळं योगायोगाने मिळतात.

एवढ्यात कोणीतरी म्हणेलच, “आपल्या पुराणांत हे आधीच आहे.” वाद घालू नका, हिशेब करा. कल्प, म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, 432 कोटी वर्षांचा. ब्रह्मदेवाचं शंभर वर्षांचं आयुष्य धरलं, तरी तीनावर 14 शून्यं इतकी वर्षं. दोनावर 67 शून्यांपुढे हे कुठे? आकडे जुळत नाहीत, एवढंच सांगा. आजोबा रागावले तर चहा पुढे करा.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचं नाव निघालं, तर टाळू नका. हॉइल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांसोबत 1993 मध्ये त्यांनी महास्फोटाशिवायचं, आंदोलनं घेत प्रसरण पावणारं विश्व मांडलं होतं. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी ते स्वीकारलं नाही, पण निरीक्षणांना सामोरं जाणारं मॉडेल मांडणं म्हणजे काय, हे त्यातून छान समजावता येतं.

कोणी अजून जागं असेल, तर हंस तारकासमूहाच्या मानेकडे द्विनेत्री (दुर्बीण) वळवा. तिथल्या ईटा ताऱ्याजवळ नवव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा अंधुक, एक निळसर तारा आहे. त्याच्या जोडीला सुमारे 21 सूर्यांचं कृष्णविवर फिरतंय. नकाशा आधी छापून आणा, नाहीतर चुकीच्या ठिपक्याचं कौतुक होतं.