बेंच मल्टिमीटरमधला उडालेला पास ट्रान्झिस्टर बदलताना

बेंच मल्टिमीटरचा लिनिअर पॉवर सप्लाय बंद पडला की सिरीज पास ट्रान्झिस्टरवर (आउटपुटच्या वाटेत बसून जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारा मुख्य ट्रान्झिस्टर) पहिला संशय घ्यावा. तो बदलणं अवघड नाही. पण का उडाला हे न बघता नवा बसवला तर तोही जातो, आणि जाताना शॉर्ट झाला तर १५ ऐवजी २४ व्होल्ट थेट मापनाच्या सर्किटवर येतात. तिथले जुळवलेले रेझिस्टर आणि रेफरन्स (मापनासाठी ठरावीक व्होल्टेज देणारा भाग) एकदा गेले की तसेच पुन्हा मिळणं कठीण.

मेन्सची वायर काढा. फिल्टर कॅपॅसिटर १ किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून उतरवा. ४७०० मायक्रोफॅरडला साधारण २५ सेकंद लागतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. व्होल्टेज उतरल्याचं मोजूनच हात घाला.

ट्रान्झिस्टर काढून डायोड रेंजवर तपासा. बेस-एमिटर आणि बेस-कलेक्टर एका दिशेने ०.५ ते ०.७ व्होल्ट, उलट दिशेने ओपन. कलेक्टर-एमिटर दोन्ही बाजूंनी ओपन. डार्लिंग्टनला (एकाच कवचात जोडलेले दोन ट्रान्झिस्टर) हा हिशोब लागू नाही, त्याच्या आत रेझिस्टर आणि बहुधा डायोडही असतो. जुन्या बोर्डाचे पॅड पटकन उचकटतात, म्हणून आधी पाय कापा आणि एकेक वेगळा काढा. कॅलिब्रेशनची मेमरी बॅटरीवर चालत असेल तर त्या भागात सोल्डरिंग गन अजिबात नको.

आता कारण शोधा. आउटपुटवरचा टँटलम कॅपॅसिटर शॉर्ट आहे का? ड्रायव्हर ट्रान्झिस्टर, झेनर आणि एमिटरचा छोटा रेझिस्टर मोजा. पास ट्रान्झिस्टर जाताना बहुधा यांतलं कुणीतरी सोबत जातं. हीटसिंकची पेस्ट वाळून भुकटी झाली असेल तर तेही कारण पुरेसं आहे.

बदली निवडताना व्होल्टेज, करंट, वॉट आणि गेन (बेसचा करंट किती पट वाढतो ते) जुळवा. २४ व्होल्ट येतात, १५ निघतात, करंट ०.४ अँपिअर, म्हणजे ३.६ वॉटची उष्णता. मेन्स १० टक्के चढली की साडेचार. जास्त वेगवान ट्रान्झिस्टर म्हणजे चांगला, असं इथे नाही: जुना रेग्युलेटर त्याच्यासोबत ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे आउटपुट आपोआप वेगाने वरखाली होत राहतं. २एन३०५५ या नेहमीच्या पॉवर ट्रान्झिस्टरचे नकली नगही पुष्कळ फिरतात, खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या.

टीओ-३ या धातूच्या कवचाच्या ट्रान्झिस्टरमध्ये कवच हाच कलेक्टर, म्हणून तो हीटसिंकपासून वेगळा ठेवावा लागतो. अभ्रकाच्या चकतीला दोन्ही बाजूंनी पेस्टचा पातळ थर द्या, स्क्रूला इन्सुलेटिंग बुश घाला. चकतीखाली ड्रिलचा एक बारीक कीस राहिला तरी ती भोसकली जाते. स्क्रू आवळल्यावर कवच आणि हीटसिंक यांच्यात ओपन दिसलंच पाहिजे. सोल्डर करायचं ते यानंतर, म्हणजे पायांवर ताण राहत नाही.

मापनाच्या बोर्डाचा कनेक्टर अजून लावू नका. आउटपुटला १०० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोडा आणि मेन्सला सिरीजमध्ये ४० वॉटचा तारेचा बल्ब घाला, म्हणजे कुठे शॉर्ट असला तरी करंट मर्यादित राहतो. एलईडी बल्ब चालत नाही. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर ठीक, लख्ख राहिला तर लगेच बंद करा. नंतर बल्ब काढून व्होल्टेज मोजा आणि ऑसिलोस्कोपवर रिपल (डीसीवर उरलेली लहर) बघा. काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त किंवा मेगाहर्ट्झची दाट पट्टी (ऑसिलेशनची खूण) दिसली तर पुढे जाऊ नका.

सगळं बरोबर असेल तर फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कनेक्टर लावा, तासभर तापू द्या. इनपुट शॉर्ट करून शून्य बघा, मग माहीत असलेल्या व्होल्टेजशी ताडा. फरक पडला तर ट्रिमरला (कॅलिब्रेशन जुळवायचा छोटा स्क्रू) हात लावण्याआधी पुरवठ्याचं व्होल्टेज पुन्हा मोजा.